डोस वाढवताना कुणी बघायचं?

फार्म.डी.च्या मुलांना हृदयविकाराची औषधं किती खोलवर शिकवायची, हा विषय निघाला की फार्मसी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दोन तट पडतात. एक तट म्हणतो, औषधाची क्रिया पक्की येऊ द्या, उपचाराचं डॉक्टर बघतील. दुसरा म्हणतो, वॉर्डात पाय न ठेवता शिकलेलं हार्ट फेल्युअर परीक्षेपुरतंच. वर्षानुवर्षं ऐकलेल्या या दोन बाजू इथे दोघांच्या तोंडी दिल्या आहेत. सर फार्माकॉलॉजीचे, निवृत्तीला टेकलेले. मॅडम त्यांच्याच विद्यार्थिनी, फार्म.डी. करून आता फार्मसी प्रॅक्टिस शिकवतात. टेबलावर आहे मॅडमनी पाचव्या वर्षाच्या क्लर्कशिपसाठी केलेला आराखडा, आणि विषय आहे हृदयाचं पंपिंग कमी झालेल्या, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन 40 टक्के किंवा त्याखाली गेलेल्या पेशंटचा.

सर : वाचला तुझा आराखडा. सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन आहे, डॅपाग्लिफ्लोझिन आहे, आयव्हाब्राडिन आहे, व्हेरिसिग्वाटसुद्धा आहे. नेफ्रॉन कुठं आहे?

मॅडम : नेफ्रॉन दुसऱ्या वर्षी झाला, सर. तुम्हीच शिकवलात.

सर : झाला म्हणजे डोक्यात राहिला असं नाही. परवा पाचव्या वर्षातल्या एका मुलाला विचारलं, स्पायरोनोलॅक्टोननं पोटॅशियम का वाढतं? म्हणाला, ‘साइड इफेक्ट आहे, सर.’ अगं, अल्डोस्टेरॉन अडवलं की सोडियम आत ओढायचं कमी होतं आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम बाहेर टाकायचंही कमी होतं. पोटॅशियम वाढणं हे त्या औषधाच्या मूळ कामाचंच दुसरं टोक आहे. एवढंही ज्याला सांगता येत नाही, त्याला तू चार औषधं एकत्र सांभाळायला शिकवणार?

मॅडम : त्या मुलाचा मला राग येत नाही. हार्ट फेल्युअर अभ्यासक्रमात येतं दुसऱ्या वर्षी, फार्माकोथेरप्युटिक्सच्या पहिल्या पेपरात. तेव्हा त्यानं सुजलेल्या पायावर बोट दाबून पाहिलेलं नसतं, इकोचा रिपोर्ट हातात धरलेला नसतो. क्लर्कशिपला वॉर्डात जातो पाचव्या वर्षी. मधल्या काळात पाठ केलेलं सगळं पुसलं जातं. म्हणून मला ते वॉर्डात पुन्हा पहिल्यापासून उभं करायचंय.

सर : कर ना. पण उभं करताना खालून कर. तू वरून सुरू करतेस. नवी औषधं, नव्या चाचण्या.

मॅडम : खालून सुरू केलं की वरचं आपोआप बरोबर येतं, असं तुम्ही मानता. मला ते पटत नाही. तुम्ही शिकत होता तेव्हा हार्ट फेल्युअरमध्ये बीटा ब्लॉकर चालायचा का?

सर : निषिद्ध होता. हृदय आधीच दमलेलं, त्याचे ठोके आणि जोर आणखी कमी करणारं औषध कसं द्यायचं, असंच पुस्तकात होतं.

मॅडम : आणि 1999 मध्ये मेरिट-एचएफ आणि सिबिस-टू या दोन्ही चाचण्या आल्या. एकीत मेटोप्रोलॉल सक्सिनेट, दुसरीत बायसोप्रोलॉल. दोन्हींत मृत्यू साधारण एक तृतीयांशानं घटले. आता उलटं उदाहरण घ्या. हार्ट अटॅकनंतर जे जादा ठोके पडतात ते धोक्याचे, म्हणून ते दाबायचे, हे तर्काला अगदी धरून होतं. एनकेनाइड आणि फ्लेकेनाइडनं ते दाबलेही. पण 1989 मध्ये कास्ट चाचणीत ही औषधं मधेच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होत होते. ईसीजी सुधारला आणि माणसं गेली. क्रिया कळली म्हणजे परिणाम कळला, असं कसं म्हणायचं?

सर : तू म्हणतेस ती अर्धी कळलेली क्रिया. दमलेल्या हृदयावर अ‍ॅड्रिनॅलिनचा मारा महिनोन्‌महिने चालू असतो, त्यानं पेशी झिजतात आणि मरतात, हे नीट समजल्यावर बीटा ब्लॉकर का लागू पडला तेही समजलं. पण औषध आज देऊन उद्या फायदा होत नाही. सुरुवातीला पेशंटला उलट बरं वाटेनासं होतं. म्हणून तर थोड्या डोसपासून चढायचं. हे ज्याला क्रियेवरून कळेल, तोच दुसऱ्या आठवड्यात दम लागलेल्या माणसाला ‘गोळी बंद करा’ म्हणणार नाही.

मॅडम : हे मात्र मला तुमच्याकडूनच शिकवून घ्यायचंय. वॉर्डात, पेशंटच्या पलंगाशी.

सर : विषय बदलू नकोस. माझी खरी भीती वेगळी आहे. अर्धवट प्रगत शिक्षण हे न शिकवण्यापेक्षा घातक. रॅल्स चाचणी आठव. तीही 1999 ची. बळावलेल्या हार्ट फेल्युअरमध्ये स्पायरोनोलॅक्टोननं मृत्यू 30 टक्क्यांनी कमी झाले. बातमी पसरली, डॉक्टर ती लिहायला लागले. पाच वर्षांनी कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातून अभ्यास आला. हार्ट फेल्युअरसाठी एसीई इनहिबिटर घेणाऱ्या वयस्कर पेशंटमध्ये स्पायरोनोलॅक्टोनची प्रिस्क्रिप्शनं हजारी 34 वरून 149 वर गेली होती. आणि पोटॅशियम वाढून दवाखान्यात भरती व्हायचं प्रमाण हजारी 2.4 वरून 11 वर. मृत्यूही वाढले. ती डॉक्टर मंडळी अडाणी नव्हती. त्यांनी नवी चाचणी वाचली होती. तुझी मुलंही वाचतील.

मॅडम : सर, माझ्या आराखड्याचा पायाच ही गोष्ट आहे. औषध तेच होतं. मग चाचणीत जीव वाचले आणि बाहेर भरती वाढली, ती कशानं? चाचणीत क्रिएटिनिन 2.5 च्या वर किंवा पोटॅशियम 5 च्या वर असलेल्यांना घेतलंच नव्हतं. डोस थोडा होता आणि रक्त ठरल्या वेळी तपासलं जात होतं. बाहेर औषध तेवढं पोचलं, तपासणीचं वेळापत्रक पोचलं नाही. ते पोचवायला कुणीतरी माणूस लागतो.

या ठिकाणी लेखकाला आपली बाजू सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्रगत औषधोपचार म्हणजे सगळ्यात नवी गोळी, असा आपला समज झाला आहे. सेमिनारची पोस्टरं आणि स्लाइड्स त्यावरच भरतात. पण हृदयाच्या पेशंटचं नशीब बहुतेक वेळा नव्या गोळीवर ठरत नाही. ती गोळी किती डोसवर सुरू केली, किती दिवसांनी वाढवली आणि वाढवल्यावर रक्त कुणी पाहिलं, यावर ते ठरतं. मुलांना शिकवायचं ते हेच, आणि हेच शिकवायला सगळ्यात अवघड आहे. म्हणून मॅडम ज्या केसवर मुलांना बसवतात, ती इथे जरा सविस्तर द्यावीशी वाटते.

केस वर्गासाठी रचलेली आहे, पण तिच्यातलं काहीही दुर्मीळ नाही. बाई 58 वर्षांच्या, वजन 54 किलो, इजेक्शन फ्रॅक्शन 28 टक्के. डिस्चार्ज होऊन तीन आठवडे झालेत, दम पुन्हा लागतोय, पाय सुजलेत. मुलांच्या हातात डिस्चार्ज कार्ड देत नाहीत. देतात ती औषधांची प्लास्टिकची पिशवी. पिशवी टेबलावर उपडी करायची आणि एकेक वस्तू उचलायची.

पहिली, कातरीनं कापलेली स्ट्रिप. दुकानदारानं दहातल्या चार गोळ्या कापून दिल्या, त्यात नावाचा अर्धा भाग गेला. उरलंय ते ‘प्रोलॉल 25’. मेटोप्रोलॉल आहे हे कळतं. सक्सिनेट की टार्ट्रेट, हे कळत नाही. हार्ट फेल्युअरमध्ये आयुष्य वाढवल्याचा पुरावा सक्सिनेटचा, तोही हळूहळू विरघळणाऱ्या गोळीचा. टार्ट्रेट ही झटपट उतरणारी गोळी, तिला तो पुरावा नाही. दुसरी, रॅमिप्रिलची जुनी स्ट्रिप, निम्मी संपलेली. तिसरी, सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन 50, नवी, दवाखान्यातून दिलेली. बाई दोन्ही घेतायत, कारण जुनी बंद करा असं कुणी सांगितलंच नाही. रॅमिप्रिल थांबवून 36 तास गेल्याशिवाय ही नवी गोळी सुरूच करायची नसते. दोन्ही एकत्र पडल्या तर जीभ-घसा सुजून श्वास कोंडायचा धोका असतो. चौथी, डॅपाग्लिफ्लोझिन 10, जवळजवळ सगळी शिल्लक. का? तर दुकानात विचारलं, ‘तुम्हाला शुगर आहे का?’ नाही म्हटल्यावर उत्तर मिळालं, ‘मग ही शुगरची गोळी कशाला?’ वास्तविक 2019 मधल्या डॅपा-एचएफ चाचणीत निम्म्याहून जास्त पेशंटना मधुमेह नव्हताच, आणि फायदा त्यांनाही तेवढाच झाला. पाचवी, गुडघेदुखीसाठी चिठ्ठीशिवाय घेतलेली डायक्लोफिनॅक. मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा कमी करून मीठ-पाणी शरीरात अडवणारी हीच. सूज कुठून आली याचा शोध बऱ्याचदा इथेच संपतो. आणि सगळ्यात खाली मिठाचा पुडा. ‘मीठ कमी करा’ म्हटलं म्हणून मुलानं हौसेनं आणलेलं लो-सोडियम मीठ. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. वर अशक्तपणा आहे म्हणून रोज नारळपाणी, आणि पिशवीत स्पायरोनोलॅक्टोन 25.

मॅडम : या पिशवीतली एकही चूक डॉक्टरांच्या खुर्चीत झालेली नाही, सर. प्रत्येक चूक मेडिकलच्या काउंटरवर किंवा घरी झालीय. तिथं जो उभा असेल त्याला हे सगळं एका नजरेत दिसलं पाहिजे.

सर : आणि प्रत्येक चूक पकडायला जे लागलं ते सगळं माझ्याच विषयातलं आहे. दोन क्षार, एक एन्झाइम, मूत्रपिंडातलं एक प्रोस्टाग्लॅंडिन, एक पोटॅशियम. व्हेरिसिग्वाट कुठं लागलं?

मॅडम : नाही लागलं. ते आराखड्यातून काढते. हा तुमचा मुद्दा मान्य. पण पिशवी ही सुरुवात झाली. पुढचे आठवडे कोण बघणार? आपल्याकडच्या राष्ट्रीय हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीत 53 दवाखान्यांतले 10,851 पेशंट होते. पंपिंग कमी झालेल्यांपैकी निम्म्याहून कमी जणांनाच पूर्ण औषधयोजना मिळत होती. औषधं बाजारात नव्हती म्हणून नाही. डॅपाग्लिफ्लोझिनची स्वस्त जेनेरिक 2020 पासून मिळतायत. डोस सुरुवातीलाच अडकतो. बायसोप्रोलॉल 1.25 वर सुरू होतं आणि दोन वर्षांनीही 1.25 च असतं, कारण पुढच्या वेळी वाढवा असं प्रत्येक जण म्हणतो.

सर : कारण भीती वाटते. बीपी 96 असलेल्या बाईचा डोस वाढवायला छाती लागते.

मॅडम : किंवा माहिती लागते. चक्कर येत नसेल, डोळ्यांपुढं अंधारी येत नसेल, तर 96 हा नुसता आकडा आहे. सूज उतरली असेल तर आधी पाण्याची गोळी कमी करता येते. स्ट्राँग-एचएफ चाचणीचा निकाल 2022 मध्ये आला. डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांत पूर्ण डोसपर्यंत पोचायचं, आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात पेशंटला तपासून रक्त पाहायचं. 180 दिवसांत मृत्यू किंवा पुन्हा भरतीचं प्रमाण नेहमीच्या उपचारात 23.3 टक्के होतं, या पद्धतीत 15.2. सगळे म्हणतात, डोस पटकन वाढवला म्हणून फरक पडला. मी मुलांना विचारते, त्या चार भेटी काढून घेतल्या तर हा निकाल उरेल का? ओपीडीची रांग दाराबाहेर गेलेल्या ठिकाणी चार भेटी डॉक्टर एकटे कुठून देणार?

सर : म्हणजे फार्मासिस्ट देणार? कुठल्या अधिकारानं? इंग्लंडमध्ये 2006 पासून फार्मासिस्टला स्वतः औषध लिहिता येतं, तिथं शिकवणं त्या दिशेनं चालतं. आपल्याकडं 1948 चा फार्मसी कायदा आहे, आणि औषध नियमांत तर शेड्यूल एचच्या औषधाच्या जागी दुसरं औषध द्यायलाही मनाई आहे, घटक तोच असला तरी. मुलाला डोस वाढवायचं शिकवायचं आणि वाढवायची परवानगी नाही. बरं, नोकरी? फार्म.डी. 2008 मध्ये सुरू झालं. इतक्या वर्षांत किती दवाखान्यांनी क्लिनिकल फार्मासिस्टची जागा काढली? हुशार मुलं फार्माकोव्हिजिलन्सच्या कंपन्यांत कॉम्प्युटरपुढं बसलीत. त्यांना मी खोटी आशा लावू?

या प्रश्नावर मॅडम लगेच बोलत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. सहा वर्षं शिकून, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपला वॉर्डात काढून, शेवटी मुलीला नोकरीच्या मुलाखतीत ‘तुमचं नेमकं काम काय?’ असं विचारलं जातं, हे दुःख खरं आहे. मॅडम त्यावर मलमपट्टी करत नाहीत.

मॅडम : परवानगी नाही हे मी पहिल्याच दिवशी सांगते. पण 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये प्रिस्क्रिप्शन तपासणं आणि पेशंटला औषधाची माहिती देणं हे फार्मासिस्टचंच काम आहे. सही डॉक्टरांची असेल, शिफारस माझी. ‘पेशंटचं पोटॅशियम आज 4.4, क्रिएटिनिन 1.0, नाडी 82, सूज नाही, बायसोप्रोलॉल 2.5 वरून 3.75 करावं का?’ अशी चिठ्ठी गेली तर बहुतेक डॉक्टर ती वाचतात. ‘डोस वाढवा’ एवढंच लिहिलं तर नाही वाचत. नोकऱ्यांचं म्हणाल, तर मागणी करण्याजोगं काम कुणी करून दाखवल्याशिवाय जागा निघणार कशा? अमेरिकेतल्या एका दवाखान्याच्या क्लिनिकमध्ये हार्ट फेल्युअरच्या पेशंटवर झालेल्या अशा प्रयोगाचा निकाल 1999 मध्येच आला. निम्म्या पेशंटमागे फार्मासिस्ट होता. त्यांची औषधं तो पाहायचा, शिफारस करायचा, मधे मधे फोन करायचा. त्या गटात मृत्यू आणि हार्ट फेल्युअरचे बिघाड मिळून कितीतरी कमी झाले. त्यालाही सहीचा अधिकार नव्हता.

सर : मग मुलांना जमिनीवरचं शिकव. तुझ्या आराखड्यात ऱ्हुमॅटिक व्हॉल्व्हचा पेशंट नाही. आपल्या वॉर्डात तो असतो. रक्त पातळ ठेवायच्या गोळीबद्दल मुलं एकच वाक्य बोलतात, ‘नवी औषधं जास्त चांगली, आयएनआर बघावा लागत नाही.’ 2022 मध्ये इन्व्हिक्टस चाचणी नेमकी ऱ्हुमॅटिक हृदयरोग आणि एट्रियल फिब्रिलेशन असलेल्यांवर झाली. रिव्हारॉक्साबॅनपेक्षा व्हिटॅमिन-के अडवणारी जुनी गोळी सरस ठरली, मृत्यूही तिच्यावर कमी. आपल्याकडं ती बहुतेकदा असेनोकुमॅरॉल म्हणून लिहिलेली असते. यांत्रिक (मेकॅनिकल) व्हॉल्व्ह बसवलेल्याला तर नवी औषधं द्यायचीच नाहीत. तेव्हा रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आयएनआर ठरल्या मर्यादेत ठेवायची कला शिकवावीच लागेल.

मॅडम : आणि मेथी-पालकाचं बोलणं.

सर : हो, पण ‘पालेभाजी बंद’ असं सांगणारा मुलगा नापास. आठवड्यात जेवढी खाता तेवढीच खात राहा, एकदम वाढवू नका, एकदम सोडू नका, हे सांगता यायला हवं. आणि खोकल्याला कुणी क्लॅरिथ्रोमायसिन सुरू केलं तर आयएनआर लगेच बघायला पाठवायचं.

मॅडम : हा पेशंट घालते. दोन तास त्याला देते.

सर : चार दे. व्हेरिसिग्वाटचे उरलेत.

मॅडम : दिले. आता परीक्षेचं बोला. ‘बीटा ब्लॉकरवर टीप लिहा’ हा प्रश्न मला या वर्षी काढून टाकायचाय.

सर : काढ. पण त्याच्या जागी काय?

मॅडम : त्याच बाईंचा पुढचा महिना. रॅमिप्रिल बंद, डायक्लोफिनॅक बंद, चारही औषधं सुरू. पहिल्या आठवड्यात पोटॅशियम 4.6, क्रिएटिनिन 1.1. चौथ्या आठवड्यात पोटॅशियम 5.7, क्रिएटिनिन 1.4. बीपी 98/62, चक्कर नाही, सूज उतरलेली. डॉक्टरांना पाच ओळींची चिठ्ठी लिहा, आणि चिठ्ठी लिहायच्या आधी बाईंना काय विचाराल ते लिहा.

सर : क्रिएटिनिन वाढलं म्हणून घाबरतील.

मॅडम : घाबरणाऱ्याचे मार्क जातील. ही औषधं सुरू केल्यावर मूळच्या दीडपटीपर्यंतची वाढ चालवून घ्यायची असते. इथं ती तेवढी नाही.

सर : आणि पोटॅशियम का वाढलं, हे कलेक्टिंग डक्टच्या आकृतीनं दाखवायचं. निम्मे मार्क त्याला.

मॅडम : एक तृतीयांश.

सर : निम्मे. आकृती ज्याला काढता येते, त्यालाच कळतं की दोष एकट्या स्पायरोनोलॅक्टोनचा नाही. तिच्या जोडीला सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन आहे आणि बहुधा तो मिठाचा पुडाही अजून घरात आहे.

मॅडम : ठीक, निम्मे. पण एखाद्यानं आकृती सुरेख काढली आणि शेवटी लिहिलं की सगळी औषधं बंद करा, तर?

सर : मग आकृतीचेही मार्क देऊ नकोस. स्पायरोनोलॅक्टोन निम्मी, मीठ आणि नारळपाणी बंद, दोन-तीन दिवसांत रक्त पुन्हा, 6 च्या वर गेलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात. नमुना काढताना रक्तपेशी फुटून आकडा खोटा वाढला नाही ना, तेही आधी बघायचं. बाकीची तीन औषधं चालू.